गेनबाची कॉन्टेसा आन भोरची जिलेबी

न्हाई न्हाई, मानसिंगराव, त्या ताडपत्रीला हात लावू नका. आत कोंबडी बसलीया अंड्यांवर, डायवरच्या शिटावर, आन ती सरळ डोळ्यावर उडती — कसा मागं घेतला हात, आं? कोंबडी बिंबडी काय न्हाई हो. गंमत केली. बसा हितं बाजंवर. एवढी मोठी पिवळी अमेरिकन गाडी चालवता, आठ सिलिंडरची, आन कोंबडीला भिता? गेनबा फाट्यावर नारळ आनायला गेलाय, येईल एवढ्यात. चावी? चावी त्याच्या करगोट्याला असती, आंगूळ करताना बी सोडत न्हाई. त्यो आल्याबिगर त्याची कॉन्टेसा काय तुमच्या टेम्पोत चडत न्हाई, तवर म्या हाय बोलायला. म्या कोन? कोंडिबा. इसरला व्हय? गेल्या आईतवारी हाटेलापुडं त्या शेफालीबाईंकडनं पाच नारळ फोडून घेतले, त्यो म्हातारा.

आवो, मंग काय करू — तुमी समदे पुण्यातनं येता, मार्गासनीला हाटेलापुडं गाड्या लावता, समद्यांचे बोनेट उघडे, जसा काय जनावरांचा दवाखाना भरलाय, आन भांडता काय म्हनून, तर शून्यावरनं शंभरवर किती सेकंदात. शेफालीबाईंची ती लाल गाडी, जमिनीला एवढी चिकटलेली की खालनं गांडूळ गेलं तर पाठ खाजवून जावं. त्या म्हनत व्हत्या, वळनावर माझी गाडी रूळावानी जाती, बिरेक दाबला की जागेवर, तुमचं पिवळं धूड नुसतं सरळ पळतं. आन तुमी छाती फुगवून — व्हय, फुगवलीच व्हती — ताकद ती ताकद, म्हनला, आवाज ऐका, चारशे घोडे हायेत आत. म्या इच्चारलं, चारशे घोड्यांची लीद कोन काडतं? कुनी हसलंच न्हाई, फकस्त चहावाला हसला. मंग म्या बाईंना सांगितलं की राजगडाच्या पायथ्याला, पालीला, नवी गाडी न्यायची तर आमच्यात रिवाज हाय, दर चाकाखाली येक नारळ. त्यांनी चार आनले. म्या म्हनलं, आन स्टेपनीला? बिचाऱ्या पळत गेल्या की पाचवा आनायला. खोबऱ्याची चटनी झाली घरी, चांगली झाली, तुमाला द्यायला पायजे व्हती थोडी.

पन त्याच दिवशी माझी मस्ती माझ्याच आंगाशी आली बगा. तुमी दोगं गप बसंनात, म्हनून म्या म्हनलं, तुमच्या ह्या दोनी गाड्या म्हंजी जत्रंतली खेळनी, खरी गाडी बगायची तर गेनबाच्या छपरात जावा. मला काय वाटलं, तुमी जाल, गवताच्या पेंड्यांखालनं मुंडकं घालाल, आंगभर पिसवा घिऊन बाहीर याल, आन म्या फाट्यावर बसून आठवडाभर हसंन. झालं काय? तुमी ताडपत्री वडली आन उभंच ऱ्हायला. सटीच्या दिवशी पोरगं बगावं तसं बगत व्हता, पुडनं, मागनं, बोटानं धूळ पुसून. म्या म्हनलं, कोंडिबा, हे लक्षान बरं न्हाई. तुमी इच्चारलं इकता का, आन गेनबा — येक डाव इचार करावा, बायकूला इच्चारावं, काय तरी — त्यो म्हनला, न्या. हरलेली गाडी हाय, ठिवून काय करू.

हरलेली गाडी. तवापासनं मला भाकर गोड लागंना, खरं सांगतो.

न्हाई, तुमी ती न्यायचीच न्हाई. कामाचीच न्हाई ती. हार्न दाबला तर व्यालेल्या म्हशीवानी हंबरती. तिसरा गेर टाकायच्या आदी तिची मनधरनी करावी लागती. पेट्रोल तर असं पिती की पंपावरचा मानूस लांबनं रामराम घालतो. पावसात मागच्या डिकीत बेडकं — काय? चालू करून बगितली तुमी? आवाज ऐकला? मंग म्या कशाला आब्रू घालवून घ्यायलोय. खोटं बोललो समदं. दर सोमवारी सकाळी त्यो ती चालू करतो, गंध लावतो, दहा मिन्टं नुसता शिटावर बसून ऐकत ऱ्हातो. तसला आवाज ह्या अख्ख्या वेल्ह्यात दुसऱ्या गाडीला न्हाई. भोरच्या येका चेरमनसायबांची व्हती पयली, गेनबा त्यांचा डायवर, सायबांनी नवी घेतली तवा ही यानं घेतली. ह्या खोऱ्यातला दर दुसरा नवरदेव तिच्यातनं लगनाला गेलाय. आन म्या? माझी जीप व्हती. वडापची. नसरापूर ते वेल्हे, आत बारा, मागं लटकून सहा, टपावर दोन, आन येक पाय ठिवायला जागा मागनारा कायम असायचाच.

मंग भांडान कशावरनं, तर तुमचंच की. त्यो म्हनायचा, कॉन्टेसा सुटली की वाऱ्याला बी सापडत न्हाई. म्या म्हनायचो, आरं, रस्ता हाय का वारा हाय, हितं खड्ड्यातनं जीपच पुडं निघनार. रोज एष्टी स्टँडवर ह्येच. लोकं एष्टी सोडून आमचं ऐकत बसायची. शेवटाला अठ्ठ्यान्नव साली ठरलं — लावा शर्यत, भोर ते मार्गासनी. पन दोगं संगं सुटलो तर रस्त्यात कुनाची शेरडं, कुनाची पोरं, म्हनून गावातली म्हातारी पारूबाई मदी पडली. येक येक जावा म्हनली, येगळं. आता येळ कशी मोजायची? माझ्या घड्याळावर गेनबाचा इश्वास न्हाई, त्याच्या घड्याळावर माझा न्हाई, गावच्या शाळंतलं बंदच पडलेलं. तवा पारूबाईनंच काडली ती तोड. भोरच्या बाजारात कडईतनं निघालेली जिलेबी घ्यायची, पाव किलो, येकाच दुकानातनं, कागदात बांधून, आन थेट तिच्या हातात आनून द्यायची. ज्याची जास्ती ऊन, त्यो आदी आला.

हसू नका. पारूबाईचा हात म्हंजी कोर्ट व्हतं. गावात कुनाच्या लेकराला ताप आला की तिलाच बोलवायचे, कपाळाला हात लावून सांगायची, दवाखान्यात न्या का घरी झोपवा, आन कधी चुकली न्हाई. जसा येकेक पुडा येईल तसा तिनं गालाला लावून बगायचा, निकाल. आदी गेनबा गेला. परत आला तवा धूळ बसायच्या आत पुडा तिच्या हातात. ती म्हनली, ऊन हाय चांगली. मंग म्या निघालो. भाटघरापासनं पुडं काय काय झालं त्ये सांगत न्हाई, पन म्हशी आडव्या आल्या, कापूरहोळला टरक आडवा, आन मला कळलं, कोंडिबा, आज तू गेलास. कारन हरल त्यानं काय करायचं त्ये बी ठरलेलं व्हतं नव्हं — रोज सकाळी स्टँडवर समद्यांपुडं दुसऱ्याला राम राम वस्ताद म्हनायचं. आन रस्त्यात त्याच्या पुडं गाडी काडायची न्हाई. मरंपत्तुर.

म्या चेलाडीच्या पुडं थांबलो, जीपचं बोनेट उघडलं, आन पुडा तारंनं इंजिनावर बांधला.

हा, बांधला. तुमी पयले ज्याला सांगितलं. बायकूला बी ठावं न्हाई. मार्गासनीच्या अलीकडं सोडून घेतला, आन पारूबाईनं गालाला लावला तर ती वरडलीच, आरं मेल्या, ही तर भाजती. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. तिनं येक जिलेबी तोंडात टाकली, चावली, माझ्याकडं बगितलं, म्हनली, वास येतोय कसला तरी. म्या म्हनलं, माझ्या हाताचा हाय, काकी. पारूबाई गेली त्याला आता नऊ वर्सं झाली. काय वळखलं असंल त्ये संगं घिऊन गेली.

आन गेनबानं शब्द पाळला हो. तिथंच तर घोळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर, फेटा नीट करून, राम राम वस्ताद. मला वाटलं, महिनाभर म्हनंल, मंग दोगं हसू, म्या सांगून टाकीन, त्यो दोन शिव्या देईल, मिटलं. पन त्यो असं म्हनायचा की — कसं सांगू — खरंच म्हनायचा. म्या चवथीपत्तुर शाळा शिकलो, ती बी मास्तर आमचा पावना म्हनून. मला उभ्या जन्मात कुनी अहो म्हनलं न्हाई, आन ह्यो मानूस, कॉन्टेसावाला, मला वस्ताद म्हनतोय. सोडवंना. आन रस्त्यात — आत नवरदेव बसलेला, मुहूर्त टळायला आलेला, वऱ्हाड शिव्या देतंय, आन ह्यो माझ्या जीपच्या मागनं धूळ खात येतोय, पुडं काडत न्हाई. म्या मुद्दाम हळू चालवायचो. लई मजा यायची. तवा यायची. जीप भंगारात गेली तरी ह्याचं वस्ताद चालूच. आज सकाळी बी म्हनला.

सांगा म्हनता? तुमाला सोपं हाय सांगायला. सांगितलं तर गाडी हितंच ऱ्हाती, त्ये मला बी कळतंय, येवढी अक्कल हाय. पन उंद्या सकाळी स्टँडवर म्या कोन? कोंडिबा, जिलेबीवाला. आन न्हाई सांगितलं तर ती तुमच्या टेम्पोवर चडनार, गावातनं लोकांदेखत, हरलेली म्हनून, आन हरलेली न्हाई ती, मानसिंगराव. जिकलेली हाय. चांगली दहा मिन्टांनी. म्या मदी चहा बी प्यालो व्हतो नसरापूरला, त्ये सांगायचं ऱ्हायलंच.

आला बगा. गप बसा, कायच बोलू नका. ये ये, गेनबा. नारळ घावला? आन ह्यो फेटा कुनाला? गाडीला? बगा मानसिंगराव, बैल इकताना आमी जनावराला गंध लावतो, पाया पडतो, आन दावं मागं ठिवून घेतो, तसं चाललंय ह्याचं. दाव्याच्या जागी काय ठिवनार रं, स्टेरिंग? थांब, गेना. नारळ फोडू नको. थांब म्हनलं न्हवं. हितं बस. न्हाई, मला चक्कर बिक्कर काय आली न्हाई, तूच बस.

त्या दिवशी जिलेबी म्या इंजिनावर बांधली व्हती.

काय म्हनतोस? आरं कुठं म्हंजी — इंजिनावर, वर, सायलेन्सरची नळी निघती तितं, तारंनं. चेलाडीपासनं. व्हय, कागद करपला व्हता, वरनं दुसरा गुंडाळला. न्हाई, तू आदी आलावतास. लई आदी. आसा बगू नको माझ्याकडं, दोन शिव्या दे, मोकळा हो. नारळ खाली ठिव की आदी, जड हाय, लागल कुनाला तरी. … काय? परत शर्यत, आता? माझ्याकडं जीप कुठं हाय आता. तुझ्या गाडीत? म्या शेजारी बसायचं आन पुडा मांडीवर धरायचा, उघडा, हात वर दिसतील असा? आरं म्हाताऱ्या, भोरातलं त्ये दुकान ऱ्हायलंय का त्ये तरी — हाय? नातू चालवतो? बरं. बरं म्हनलं की. गालाला लावायला कोन? पारूबाईची सून? चालतंय.

आवो मानसिंगराव, बसलाय काय. उठा. ती आता इकायची न्हाई, ऐकलं न्हाई का तुमी. जावा, आन तुमचा त्यो टेम्पो दारातनं मागं घ्या आदी, आमाला गाडी बाहीर काडायचीय.