सहाव्या दिवसाचं चित्र

—चहा घ्या आधी मॅडम, वह्या काही पळून जात नाहीत. हां, तर नवसाचं सांगत होते. शाळेत धाकटीचं बोलणं बंद झालं ना, तेव्हा मी देवापुढे बसून बोलून गेले, पोरीनं पुन्हा तोंड उघडलं तर वर्षभर खोटं बोलणार नाही. उपास सोपा हो. हे अवघड. शेजारणीच्या भाजीला छान म्हणता येत नाही, दोनदा अबोला झाला. आमचे हे म्हणाले, त्यापेक्षा चपला सोडायच्या होत्यास. अजून चार महिने आहेत.

पण उघडलं तिनं तोंड. घरी ठेवली, हातात पेन्सिल दिली, तेव्हा. विज्ञानाचा धडा वाचून दाखवला की ही भिंतीकडे बघत बसायची — शेवटी म्हटलं, राहू दे वाचन, समोर आहे ते काढ. कांद्याचा पापुद्रा, मुंगी, उकळत्या भांड्यावरचं झाकण. आणि काढता काढता बोलायला लागली. मुंगीचे पाय पोटाला नसतात, मधल्या भागाला असतात, हे मला चाळिशीत कळलं — तिच्याकडून. दमते मी, नाही कशाला म्हणू? स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, थोरल्याचा डबा, आणि दुपारभर हिच्याशेजारी बसायचं. पण आवाज कानावर पडत होता ना.

मग बरणीत ओला कापूस घालून घेवड्याचं बी लावलं, रोज एक चित्र. तेवढ्यात तुमच्या ऑफिसचं पत्र — वह्या बघून ठरवणार, घरी शिकू द्यायचं की परत शाळेत धाडायचं. वही चाळली, तर सहाव्या दिवशी मूळ आडवं जाऊन एकदम खाली वाकलेलं. पुस्तकात कसं, सरळ सुतासारखं. आता माणसानं बरणीकडे बघावं की नाही? नाही बघितलं. पुस्तकाकडे बघितलं, खोडरबर घेतला, मूळ सरळ केलं, छायासुद्धा दिली. मनाला म्हटलं, पेन्सिलीचं खोटं देव कुठे मोजत बसणार.

तुम्ही मघाशी बोट ठेवून सुबक म्हणालात ना — ते माझं आहे.

असं बघू नका. सांगायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. निघालं ते बरंच झालं.

तिनं बरणी मुद्दाम आडवी ठेवली होती, मॅडम. मूळ खाली वळतं का ते बघायला — आदल्या पानावर लिहिलं होतं, मी नंतर वाचलं. कोणी शिकवलं नव्हतं. मी मात्र रोज त्या आडव्या बरणीखालून फडकं फिरवत होते, वाटायचं पसारा आहे. तिनं वही उघडली, ते पान बघितलं, वही मिटली. मग अकरा दिवस गेले — एक शब्द नाही. ना माझ्याशी, ना बापाशी. रागावलीसुद्धा नाही, तेच लागतं मनाला.

सकाळी स्वयंपाक तसाच टाकला आणि बरणीसमोर जाऊन बसले. मूळ काढायला घेतलं. मला कुठलं येतंय, सुतळी पडल्यासारखं झालं. खोडलं नाही पण. ती आली, मागे उभी राहिली, बराच वेळ. आणि म्हणाली, "बघून काढ." एवढंच. परत गप्प. पण म्हणाली.

आता तुम्ही प्रश्न विचाराल, ती उत्तर देणार नाही, तुम्ही तसं लिहाल. तुमचंही काम आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त एक करा. ही पेन्सिल घ्या. आत खिडकीशी स्टूल आहे. तिला काही विचारू नका, नुसतं बसा आणि ते मूळ काढा, जसं आहे तसं. वेळ लागेल. नाही, मी नाही येत बरोबर, मी आले की ती माझ्याच तोंडाकडे बघत राहील. जा तुम्ही. दार लोटलेलंच आहे.