मधल्या ओळी

कराओकेच्या खोलीबाहेर रांगेत शिवणकामवाल्या बाई उभ्या होत्या. पुढे दोघी बहिणींची गाण्यांवरून धुसफूस चालली होती, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीला बाईंचे कान कधी नाही म्हणत नसत.

“ताई, लवकर निवड, नंबर आलाच.”

“हे घे, त्या जपानी पोरींचं उड्या मारायचं.”

“त्यात मधल्या ओळी मावशीच्या चिमणीच्या.”

“मग हे संथवालं?”

“त्यातही चिमणीच मधे! सगळ्याच गाण्यांत ती मधे.”

“मग तू म्हण तिच्या ओळी.”

“मला कुठे येतात? आपण आपापल्याच घोकल्या.”

“पडद्यावर वाचू.”

“जपानी अक्षरं? वाच हं, ऐकते मी.”

“तेवढा वेळ टाळ्या वाजवू.”

“‘तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही’ असं तिला कोण म्हणालं?”

“रागात म्हणाले गं.”

“मग लाव फोन.”

“तू लाव. तू तिची लाडकी.”

“बोललं कोण?”

दार उघडलं. आतली मंडळी घाम पुसत बाहेर पडली.

“काकू, तुम्ही आधी जा,” म्हणत थोरलीने फोन कानाला लावला. “चिमणे? ऐक ना... अगं, अडलंय.”

बाई जागच्या हलल्या नाहीत.

“नको गं,” त्या म्हणाल्या, “येऊ दे तिला.”