सुनंदाबाईंचं हॉल तिकीट

धोरण कसं बदलतं म्हणता? मी एकदा समोर बसून बघितलंय.

मी विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागात क्लार्क. तेव्हा नवा नियम आला होता की रविवारच्या वर्गांना हजेरी नसेल, तर समितीपुढे कारण सांगायचं, नाहीतर हॉल तिकीट नाही. परळच्या एका हॉस्पिटलात आया असलेल्या सुनंदाबाई ड्यूटीवरून थेट आल्या. वय पन्नाशीचं, बी.ए.चं शेवटचं वर्ष.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, एकाही रविवारी आला नाहीत?"

"सर, रविवारी माझी ड्यूटी असते. येता आलं असतं तर मी साध्या कॉलेजातच नसते का गेले?"

"मग अडलं तर विचारायचं कोणाला?"

"हेल्पलाइनला. दुपारी एक ते दीड मला जेवणाची सुट्टी असते, तेव्हा रोज फोन करायचे. कोणी उचलायचंच नाही."

मी मिनिट्सच्या वहीत मान घातली.

अध्यक्षांनी हजेरीची अट तिथल्या तिथे खोडली आणि खाली लिहिलं, 'हेल्पलाइन जेवणाच्या वेळेतही चालू राहील.'

मी बाहेर येऊन बाईंना हॉल तिकीट दिलं. सही करता करता त्यांनी विचारलं, "आता दुपारी फोनवर कोण बसणार?"

"मीच."

"बरं झालं. आणि आधी कोण होतं हो?"

आता खोटं काय बोलणार? म्हटलं, "तेव्हाही मीच होतो, बाई. जेवत होतो."