कुलूपवाल्याचे स्टिकर

आमच्या पुंगोल वस्तीतल्या कुलूपवाल्याचं सांगितलं का तुम्हाला? दर आठवड्याला तो आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक दाराशेजारी स्वतःच्या जाहिरातीचा स्टिकर चिकटवून जायचा. माझं डोकंच फिरायचं. मी उलथनं घेऊन सगळे खरवडायचो, शेजाऱ्यांचेसुद्धा.

परवा बनियनवर कचरा टाकायला बाहेर पडलो आणि मागे दार लागलं. चावी आत, बायको ऑफिसात. आता नंबर हवा, तर अख्ख्या मजल्यावर एक स्टिकर नाही! शेवटी खालच्या मजल्यावर सापडला, शेजारच्या आंटींच्या फोनवरून त्याला बोलावलं.

कुलपाशी खटपट करत तो इथल्या बोलीत म्हणाला, "अंकल, इथलेच स्टिकर कोण काढतं, कळत नाही लाह."

"असतात हो रिकामटेकडी माणसं," मी म्हटलं.

दार उघडलं. समोरच चपलांच्या कपाटावर उलथनं, त्याला अर्धा स्टिकर चिकटलेला.