संध्याकाळची लस

प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे एक परिचारिका होती. तिच्या हातातलं माहितीपत्रक घड्यांवर विरलं होतं. मागून चिकटपट्टी लावलेली. सोबत तिच्या सासूबाई.

“सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात सगळी पोरंसोरंच असतील ना गं?”

“नाही आई. साठांत चाळीस बायका, निम्म्या नोकरी करणाऱ्या.”

“मग अडलं कुठं?”

“फी दीड लाख आहे.”

“माझ्या लेकाची गाडी घेताना नाही गं असा हिशेब मांडलास.”

“हळू बोला.”

“का? आया दिवसा कामावर असतात म्हणून लसीची वेळ संध्याकाळी तूच करून घेतलीस. एक पोर सुटलं नाही.”

“सगळ्याच केंद्रांवर तसं करा म्हटलं, तर वरचे साहेब माझी पदवी विचारतात.”

“सहा वर्षं ऐकतेय हे.”

खिडकीतून कारकुनानं विचारलं, “प्रवेश कोणाला हवाय?”

“मला,” परिचारिका म्हणाली. “याच वर्षी.”