वाटेवरचं घर

पनवेलला घर घेऊ नका रे, एवढंच सांगतो. कोकणात निघालेला आमचा प्रत्येक नातेवाईक जाताना आमच्याकडे नाश्ता करतो आणि येताना जेवतो.

परवा ठाण्याची ताई गुहागरहून परतताना सहकुटुंब टेकली. बायको नुकतीच ऑफिसातून आली होती. तिने पर्स ठेवली आणि तशीच कुकर लावायला गेली.

जेवताना ताईने मोबाईलवर फोटो दाखवला. कुणा बाईच्या अंगणात ती कोकम सरबत पीत होती. “ओळख ना पाळख, तरी हाक मारून बसवलं रे! इकडे अशी माणसं राहिलीच नाहीत.”

बायकोने तिच्या ताटात गरम पोळी वाढली. “ताई, माझाही एक फोटो काढा ना.”

“अगं, या अवतारात? आधी तोंड तरी धुऊन ये!”