आकडा तोच ठेवला

तुमी इथं बाकावर इचारलं म्हनून सांगतो, ताई, आमी मूळचे अंजनगाव सुर्जीचे. घरचा पानमळा, बाप वेलातच म्हातारा झाला, अन् दादा, म्हनजे माहा मोठा भाऊ, भाजीबाजारात हर्रास बोलत जाय. ढिगाजवळ उभं राहून भाव पुकाराचा, तेच त्याचं काम, अन् आवाज असा का बस स्टँडवर चहा पेनाऱ्यालेही समजे, वांग्याची बोली लागली म्हनून. मले शाळा काई जमली नाई. दादानंच मले हाताले धरून अकोल्याले वाइंडिंगच्या दुकानात आनून बसवलं, मालकाले म्हने, बबनच्या हातात तार देऊन पाहा. तवापासून मी पंपाच्या मोटारीत तांब्याची तारच भरून राहिलो. जळालेली मोटार आली का वासावरूनच सांगतो, कावून जळाली ते.

काय सांगू तुमाले, आमच्याकडं लाइटीचं काई बी झालं का मानूस एकच शब्द बोलते, होल्टेज. पंखा हळू फिरते, होल्टेज. बल्ब उडाला, होल्टेज. वॅट कोनी इचारत नाई. मी गिऱ्हाइकाले समजावत जातो, का बाबा, होल्टेज उतरलं तं लाइटीची शेगडी नुसती थंडी पडते, पन विहिरीवरची मोटार तशी नाई, तिले तेवढंच पानी उचलाचं असते, मंग ते जास्त करंट ओढते अन् जळते. शेगडी होल्टेजच्या मर्जीवर, मोटार आपल्या कामाच्या मर्जीवर. एवढं मले समजते, ताई. समजते म्हनूनच तं जीव खाते.

दादा बिडी लय ओढे. घसा बसाले लागला तवा त्याची पोरगी, पुन्यात नोकरीले हाय ते, तिनं त्याले वाफेचं यंत्र आनून देलं, इ-सिगरेट म्हनतात ते. जाड पेनासारखं, आत निकोटिनच्या रसात भिजलेला कापूस अन् तारेचं वेटोळं, त्याले कॉईल म्हनतात, बटन दाबलं का तार तापते, वाफ निंगते अन् ते ओढाची. आपल्याकडं बंदी हाय त्याच्यावर, तिलेही मालूम होतं, पन बापाची बिडी सुटन म्हनून पोरीनं केलं. आठ वॅटवर लावून देलं अन् म्हने, बाबा, हे हलवू नका.

दिवाळीले दादा माह्याकडं आला, म्हने बबन, याची कॉईल जुनी झाली, तू बदलून दे. मी पाह्यलं तं पडद्यावर दोन आकडे, वर आठ वॅट, खाली बारीक, तीन पॉइंट आठ वॉल्ट. मी म्हनलं वॅट काय करतं, मी वॉल्टचा मानूस. बटन दाबून दाबून यंत्र वॅटवरून वॉल्टवर नेलं अन् तीन पॉइंट आठ पक्कं केलं. मंग पोरीनं देलेली पुडी उघडली. दोन परकारच्या कॉईली होत्या, एक बारीक तारेची, एक जाड. मी जाड उचलली. वाइंडिंगवाल्याचा हात हाय, जाड तार दिसली का त्याले वाटते हे टिकन, हे तापनार नाई. आकडा तोच ठेवला.

जाड तारेचा ओहम, म्हनजे करंटले अडवनं, कमी, ताई. पहिलीचा एक पॉइंट आठ, हिचा पॉइंट सहा. वॉल्ट तेच ठेवले तं वॅट तिप्पट, आठाचे चोवीस. वॅटवर राहू देलं असतं तं यंत्रानं आपनच वॉल्ट उतरवून सव्वादोनवर आनले असते, अन् आठाचे आठच राह्यले असते. हे हिशेब मी दुसऱ्याले बोटावर करून दाखवतो. दादाच्या येळेस कुठं गेलती माही अक्कल?

चार दिवसांनी दादाचा फोन आला, म्हने बबन, मस्त केलं तू, आता बिडीसारखं कडक लागते. मले इतकं बरं वाटलं का दुकानात दिवसभर सांगत होतो. ते कडक म्हनजे जळालेला कापूस होता. फोनवर कुठं वास येते? संक्रांतीले गावाले गेलो, दादानं माह्यासमोर एक झुरका मारला अन् मले तो वास आला. हिसकून घेतलं, उघडलं, तं आतला कापूस काळा ठिक्कर.

आता दादा इथंच, अमरावतीच्या या दवाखान्यात हाय. घशात गाठ निंगाली, तुकडा तपासाले गेला, रिपोर्ट अजून नाई. डॉक्टर म्हनते, जिंदगीभराची बिडी हाय हे, अशी गाठ दोन महिन्यांत नाई येत, अन् ते वाफेचं बी बिलकूल नको. मी इचारलं, साहेब, चोवीस वॅटनं होते का? त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् म्हने, तुमी जरा बाहेर बसा.

दादाले मी सांगितलं, रडत सांगितलं, का आकडा माह्याच हातानं चुकला. तो नुसता हात हलवते. आवाजच नाई राह्यला, ताई, पुकारनाऱ्या मानसाले.

काल नर्सबाई वाफाऱ्याचं मशीन घेऊन आली. ते बटन फिरवाले गेली तं दादानं तिचा हात धरला, माह्याकडं बोट केलं अन् लय जोर लावून, घोगरं घोगरं म्हने, बबनले करू द्या, त्याले समजते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. उठलोच नाई. दादाचं बोट तसंच वर.

तुमचा आवाज असाच खनखनीत राहो, ताई. मी निंगतो आता. चार वाजता पुन्हा वाफारा हाय, दादा माही वाट पाहून राहिला असन.